गाईचं पातेलं

झाकण काढलं आणि मी तोंड फिरवलं.

आदल्या दिवशी सकाळची आमटी होती. वर पांढुरक्या फेसाचा थर धरलेला. पळी बुडवून उचलली तर पळीबरोबर तार उठली, वीतभर लांब, चिकट, तुटता तुटेना. आंबूस वास नाकातून थेट घशात उतरला. मी पदर नाकाला लावला आणि ते पातेलं उचलून मोरीकडे निघाले.

"फेकू नकोस गं," माई म्हणाल्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मोरीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून ओणव्या उभ्या होत्या. पहाटेपासूनची ती चौथी उलटी. पोटात काही उरलं नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडत होतं.

"ठेव तिथं. लसणीची फोडणी देते नि उकळून ठेवते."

"माई, तार आलीये हिला."

"उकळली की जाते तार." त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "आणि हळू बोल. बाहेर हे बसलेत."

'हे' बाहेर ओसरीवर बसले होते. माझे सासरे, अण्णा परांडेकर, निवृत्त मुख्याध्यापक. आरामखुर्चीत बसून ते कागदावर टिपणं काढत होते आणि मधूनमधून मोठ्यानं म्हणून बघत होते. त्या रविवारी दुपारी पुण्याच्या सहजजीवन मंडळाचे दोन लोक आमच्याकडे जेवायला येणार होते. मंडळ दरवर्षी साध्या राहणीच्या एका माणसाचा सन्मान करायचं. त्या वर्षी अण्णांचं नाव निघालं होतं. त्यांचा लेख मंडळाच्या मासिकात आला होता, त्यावरून. लेखाचं नाव 'बिनफ्रिजचं घर'.

ही त्र्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. गाव बार्शी. त्या दिवसांत बार्शीत सकाळी नऊ वाजताच ओसरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. असल्या उन्हात शिजवलेलं अन्न किती तास टिकणार, हे सांगायला मासिक लागत नाही. नाक पुरतं.

आणि मला नाक आहे. लहानपणापासून मी नाकानंच जगत आले. ठाण्याला आईच्या घरी फ्रिज होता, आणि तो उघडला की मी दोन पावलं मागे सरायचे. खालच्या कप्प्यात काळी पडलेली कोथिंबीर, कधीची कुणास ठाऊक कणीक, वाटीत झाकून ठेवलेली चमचाभर उसळ, जी कुणी खात नाही आणि कुणी टाकतही नाही. म्हणून सुहासचं स्थळ आलं आणि कळलं, की यांच्या घरी फ्रिजच नाही, दोन्ही वेळचं अन्न ताजं शिजतं, तेव्हा मी मनातल्या मनात निम्मा होकार देऊन टाकला. माणसं नवऱ्याचे नाक-डोळे बघतात. मी स्वयंपाकघर बघून लग्न केलं.

आणि खोटं कशाला बोलू, ते स्वयंपाकघर सुंदर होतं. सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दूध यायचं, तापवून थंड पाण्याच्या परातीत ठेवायचं. वर ओलं फडकं. कोथिंबीर ओल्या पंच्यात गुंडाळून माठाच्या कडेला. लिंबं वाळूत पुरलेली. दही रोजचं रोज लावलेलं, संध्याकाळपर्यंत संपलेलं. भाजी अण्णा स्वतः मंडईतून आणायचे, तेवढ्यापुरती. माठातलं पाणी वाळ्याच्या वासाचं. पहिले दोन महिने मी ठाण्याला पत्रांवर पत्रं लिहिली. आईला लिहिलं, तुझं ते पांढरं कपाट विकून टाक.

अण्णांचे दोन नियम होते. पहिला, पानात शिळं पडता कामा नये. सकाळचं संध्याकाळीसुद्धा नाही. दुसरा, पातेल्याचा तळ दिसता कामा नये. रोज दोन माणसांचं जास्त शिजवायचं. त्याला ते 'अतिथीचं' म्हणत. "परांडेकरांच्या घरी अवेळी आलेला माणूस उपाशी गेला, असं कुणी म्हणता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता अतिथी यायचा पंधरा दिवसांतून एकदा. उरलेले चौदा दिवस दोन माणसांचं अन्न उरायचं. दोन्ही वेळेला.

ते जायचं एका जर्मनच्या पातेल्यात. कडा चेपलेलं, बारकं पातेलं, ओट्याखाली, टोपल्याखाली झाकून ठेवलेलं. मी नवीन होते तेव्हा विचारलं, हे कशाला? माई म्हणाल्या, "ते गाईचं." मला ते फार आवडलं होतं. पत्रात तेही लिहिलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एकदा दुपारी तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला आत आले. अण्णा आणि सुहास झोपले होते. माई मागच्या दाराशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, मांडीत ते पातेलं. आदल्या रात्रीचा भात त्यांनी पाण्यात धुतला होता, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. वांग्याची भाजी बोटानं निवडत होत्या. वर आलेला पांढरा कापूस नखानं बाजूला काढत होत्या आणि खालचं खात होत्या. त्यांना चाहूल लागली. त्यांनी मागे बघितलं, तोंडातला घास तसाच. मग गिळला.

"गाय?" मी म्हटलं.

"ती यायची बंद झाली," माई म्हणाल्या. "जोशांनी विकली. झाली सातेक वर्षं."

मी मागच्या अंगणात जाऊन ओकले. तुळशीपाशी नाही, कडेला, पण ओकले. मला वाटलं होतं, आता मी काहीतरी करीन. काय केलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी मी माईंच्या शेजारी बसून म्हटलं, यातलं अर्धं मला द्या. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "तुझं वय आहे का हे खायचं? तुला पोरंबाळं व्हायचीत. ताजं खा." आणि मी ताजं खाल्लं. दीड वर्ष, दोन्ही वेळा, वाफ निघतेय तोवर. माई पहिल्यांदा सगळ्यांना वाढायच्या, मग मला बसवायच्या, मग भांडी आवरायच्या, मग दुपारी मागच्या दाराशी. मला सगळं ठाऊक होतं आणि मी पोळीवर तूप घेत होते. आज इतकी वर्षं झाली, वासांची किळस मला कमी-जास्त होते. या गोष्टीची होत नाही.

तर, त्या रविवारच्या आधी चार दिवस माई नळापाशी चक्कर येऊन पडल्या. मी रिक्षात घालून डॉक्टर कोठारींकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, मग मला विचारलं, "या काय खातात?"

मी माईंकडे बघितलं. माई छताकडे बघत होत्या.

"शिळं," मी म्हटलं.

"किती दिवसांचं?"

"मिळेल तेवढ्या दिवसांचं."

डॉक्टर माईंवर ओरडले नाहीत. ओरडायला हवे होते. ते सावकाश म्हणाले, "मावशी, आतडी सुजलीत तुमची. आजपासून आंबलेलं, शिळं, पूर्ण बंद. अजून एकदा असे जुलाब-उलट्या झाल्या तर सोलापूरला भरती करावं लागेल. अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडावर येतं. या वयात मी खात्री देणार नाही."

रिक्षात बसल्यावर माईंनी माझा हात धरला. "हे घरात बोलायचं नाही. रविवारी त्यांचे लोक यायचेत. त्यांचा सन्मान होऊ दे."

मी सुहासला सांगितलं. तो बनियनवर बसून पेपर वाचत होता. म्हणाला, "ती ऐकत नाही गं कुणाचं. लहानपणापासून बघतोय मी."

"लहानपणापासून बघताय?"

"मग? आता रविवार होऊ दे. मग बघू."

लहानपणापासून बघतोय! मी त्या माणसाकडे बघितलं आणि मला त्याच्या बनियनचासुद्धा वास आला.

मग मी अण्णांकडे गेले. डॉक्टरांचं नाव काढलं नाही, माईंना शब्द दिला होता. नुसतं म्हटलं, "अण्णा, उन्हाळा फार आहे. छोटासा फ्रिज घेतला तर उरलेलं राहील तरी."

ते हसले. चिडले नाहीत, त्यांना चिडायची गरजच पडायची नाही. "सूनबाई, फ्रिज म्हणजे शिळं ठेवायचं कपाट. आपल्या घरात शिळं कुणी खातच नाही, तर ठेवायचं काय त्यात?"

"मग कमी शिजवू. चौघांपुरतंच."

"परांडेकरांच्या पातेल्याचा तळ आजवर कुणी पाहिलेला नाही," अण्णा म्हणाले आणि लेखणी उचलली. बोलणं संपलं. माझी त्यांच्याबद्दल तेव्हा एवढीच तक्रार होती, की हा माणूस आपल्या भाषणातच राहतो, स्वयंपाकघरात काय चाललंय ते याला दिसत नाही. कुणी दाखवलं की दिसेल, असं मी धरून चालले होते.

म्हणून रविवारी सकाळी माईंनी मोरीपासून ओट्यापर्यंत भिंत धरत येऊन त्या तार आलेल्या आमटीला फोडणी दिली, तेव्हा माझं डोकं फिरलं. लसूण चुरचुरला, वर गूळ, चिंचेचा कोळ. आमटीला उकळी फुटली आणि सगळ्या घरात खमंग वास सुटला. वासानं दगा दिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं.

"तुम्ही हे आज खाणार?" मी विचारलं.

"दुपारी बघू. जरा पोट थांबलं की."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अगं, उकळलीये आता. टाकायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. आणि टाकू कुठं? मागं टाकलं तर वास येतो, ह्यांना कळतं." त्या आतल्या खोलीत जाऊन सतरंजीवर आडव्या झाल्या. त्यांच्या पायांना गोळे येत होते. मी साखर-मिठाचं पाणी दिलं, तेही अर्धं उलटून पडलं.

पाहुणे बाराला आले. कार्यवाह केळुस्कर, खादीचा झब्बा, मोठा आवाज. आणि त्यांच्याबरोबर प्रभाताई ओगले, पन्नाशीच्या बाई, खांद्याला कॅमेरा. अण्णांनी त्यांना घर दाखवलं. माठ, परात, वाळूतली लिंबं. केळुस्कर प्रत्येक गोष्टीला "वा!" म्हणत होते. प्रभाताई फोटो काढत होत्या. "घरच्या बाई कुठायत?" त्यांनी विचारलं.

"जरा उन्हाची झळ लागलीये तिला," अण्णा म्हणाले. "पडलीये आत. सूनबाई आहे ना."

पाट मांडले. अण्णा, सुहास, केळुस्कर, प्रभाताई. स्वयंपाक सगळा मी केला होता. ओट्यावर मोठ्या पातेल्यात ताजी आमटी, शेजारी बारक्यात ती. मी वाढणीची वाटी घेतली तेव्हा आतून माईंचा आवाज आला. त्यांना उठवत नव्हतं, पण लक्ष सगळं माझ्याकडेच होतं.

"बारक्यातली उतरलीये गं, रेवती!"

आमच्याकडे ठाण्याला अन्न 'आंबलं' म्हणतात, फार तर 'विटलं'. इकडे 'उतरलं' म्हणतात. उतरलं म्हणजे बिघडलं. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात माझी या शब्दावरून फजिती झाली होती. माई म्हणाल्या, वरण उतरलंय. मला वाटलं, शेगडीवरून उतरवलंय, म्हणजे तयार आहे, आणि मी ते वाढायला घेतलं. माईंनी झडप घालून काढून घेतलं. नंतर तो आमच्या घरातला विनोदच झाला होता. मी माहेरी गेले की सुहास चिडवायचा, जपून, उतरलंय बरं का.

म्हणजे त्या रविवारी मला तो शब्द पुरता ठाऊक होता.

मी तिघांना मोठ्या पातेल्यातली आमटी वाढली. आणि अण्णांच्या वाटीत बारक्यातली.

मला त्यांना आजारी पाडायचं नव्हतं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. एका घासात त्यांना कळेल, ते विचारतील हे काय आहे, आणि मग मला बोलायला जागा मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

अण्णांनी भातावर आमटी घेतली. कालवली. घास घेतला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"वा," अण्णा म्हणाले. "आज लसूण घातलायस वाटतं. फक्कड!"

दुसरा घास घेतला. मग वाटी उचलून भुरका मारला. ओठ पुसले आणि केळुस्करांकडे वळले. "ही जी चव आहे ना, ही ताजेपणाची चव. फ्रिजवाल्या घरात माणसांची जीभ मरून जाते हो. शिळं काय, ताजं काय, त्यांना फरक कळत नाही."

केळुस्कर मान डोलावत होते. ती तार माझ्या डोळ्यांपुढून हलेना आणि समोर हा माणूस भुरके मारत जिभेवर प्रवचन देत होता. मी तोंडावर हात धरला.

"आणि उरलेलं?" प्रभाताईंनी विचारलं. "रोज दोन माणसांचं जास्त करता म्हणालात. फ्रिज नाही. मग त्याचं काय करता?"

"गाईला जातं. आमच्याकडे कण वाया जात नाही."

"अरे वा! मग माईंचा गाईला घास देतानाचा एक फोटो घेऊ या. कधी येते गाय?"

"येईल इतक्यात," अण्णा म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

सुहास ताटात बघत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्या वाटीतली आमटी गाईची आहे."

कुणालाच काही कळलं नाही. मग मी सरळ सांगितलं. "कालची आहे. तार आली होती तिला. गाईच्या पातेल्यातली आहे."

अण्णांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी तो ताटात थुंकला, पाहुण्यांसमोर. धोतर सावरत उठले आणि मोरीकडे धावले. घशात बोटं घालून ते ओकायला लागले. "शिळं! मला शिळं!" एका ओकारीतून दुसरीत एवढंच बोलत होते. केळुस्करांनी आपली वाटी ताटाबाहेर सरकवली. प्रभाताई उठून उभ्या राहिल्या.

माई आतून आल्या. कशा आल्या देव जाणे, सकाळपासून त्यांना उभं राहवत नव्हतं. एका हातानं भिंत, दुसऱ्या हातात तांब्या. अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडावर पाणी मारलं, खांद्यावर पंचा टाकला. ज्या मोरीत पहाटेपासून त्या एकट्या ओकत होत्या आणि कुणी वळून बघितलं नव्हतं, तिथं त्या अण्णांचं ओकलेलं, पाणी टाकून, वाहवत होत्या.

"तिचा दोष नाही हो," माई म्हणत होत्या. "तिला आपला शब्द कळला नाही. मी म्हटलं उतरलीये, तिला वाटलं, शेगडीवरून उतरवलीये. ठाण्याची आहे हो ती. मागंही एकदा असंच झालं होतं."

केळुस्कर मोठ्यानं हसले. हसायला मिळालं म्हणून त्यांना हायसं वाटलं. "असं होय! शब्दाचा घोटाळा! ओगलेताई, हे लेखात घालायला हवं." सुहासनंही हसून मान हलवली. प्रभाताई पुन्हा पाटावर बसल्या. अण्णा पंच्यानं मिशा पुसत होते आणि त्यांचा चेहरासुद्धा सैल पडत होता. माई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत एवढंच होतं, की हो म्हण. एकदा हो म्हण आणि सगळं मिटव.

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. ताट बदललं असतं, फोटो निघाले असते, आणि तीन वाजता त्या मागच्या दाराशी ते पातेलं घेऊन बसल्या असत्या. पुढच्या आठवड्यात सोलापूर. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती.

"कळला होता मला शब्द," मी म्हटलं. "मी मुद्दाम वाढली."

हसणं थांबलं.

"गाय सात-आठ वर्षं झाली, येत नाही. या घरातलं शिळं माई खातात. रोज. तार आलेलं, बुरसलेलं, धुऊन, निवडून. आज ही आमटीसुद्धा त्याच खाणार होत्या. त्यांची आतडी सुजलीत. डॉक्टर म्हणाले, हे थांबलं नाही तर त्या जातील. चार दिवसांपूर्वी म्हणाले."

मी अण्णांकडे बघत होते. आता त्यांना दिसेल, असं मला वाटत होतं. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं.

अण्णांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. केळुस्करांकडे वळून, शाळेत पालकांना समजावून सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "त्यात एवढं काही नाही. तिला आवडतं ते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला शिळं आवडतं. ज्याची त्याची आवड."

मला आधी नीट ऐकू आलं नाही, असं वाटलं. मग कळलं. यांना माहीत होतं. गाय येत नाही हेही माहीत होतं, पातेलं कुठं रिकामं होतं तेही माहीत होतं. दीड वर्ष मी समजत होते, की या माणसाला दिसत नाही. त्यांना सगळं दिसत होतं, फक्त त्याला त्यांनी नाव दुसरं दिलं होतं. आवड! जे तीन घास पोटात गेले म्हणून ते घशात बोटं घालून आतडी बाहेर काढत होते, ती बायकोची आवड होती. आयुष्यात मी पुष्कळ घाण वास घेतले, आजारपणं काढली, नाल्या साफ केल्या. त्या एका वाक्याइतकं घाण मी काही ऐकलं नाही.

पुढं काय काय झालं तेही सांगून टाकते. मंडळानं सन्मान केला तो दुसऱ्याच कुणाचा. सुहास माझ्याशी महिनाभर बोलला नाही, आणि मला ते फार जड गेलं नाही. फ्रिज आला, पण चार वर्षांनी. अण्णांना मधुमेहाची इंजेक्शनं सुरू झाली आणि ती थंड ठेवावी लागायची, म्हणून. तेव्हा त्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही.

पण त्या दुपारी अण्णा तसं बोलले आणि सगळ्यांनी माईंकडे बघितलं. केळुस्करांनीसुद्धा. त्या हो म्हणतील, अशी सगळ्यांचीच खात्री होती. माझीही होती. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

माई भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओठ कोरडे पडलेले, केस सुटलेले, लुगड्यावर अण्णांच्या ओकारीचे शिंतोडे. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही आवडत."

"काय?" अण्णा म्हणाले.

"शिळं. मला कधीच आवडलं नाही हो. किळस येते मला."

एवढं बोलून त्या थांबल्या. आपल्याच तोंडून हे आलं, याचा त्यांनाच पत्ता नसावा. अण्णा काही बोलायला गेले, पण त्यांच्या टिपणांत हे नव्हतं. मग माई भिंत धरत पुढं आल्या आणि अण्णांच्या पाटावर बसल्या. अण्णांचं ताट त्यांनी मनगटानं बाजूला सारलं. पाहुणे बसलेले, नवरा उभा, मुलगा समोर, आणि माई पंगतीत. त्या घरात मी त्यांना पुरुषांच्या ओळीत बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

मी स्वच्छ ताट आणलं. मऊ भात वाढला. मोठ्या पातेल्यातली आमटी घेतली, ताजी, अजून वाफाळत होती. घाईत न ढवळता वरवरचीच वाटीत घेतली आणि वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

माईंनी वाटीत बघितलं. मग वर माझ्याकडे.

"हे नुसतं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "ढवळून वाढ."